पहिले साठ फूट

पाण्याच्या डबक्यातून जाऊ नकोस, क्लाइव्ह म्हणाला,
ते गुळगुळीत टायरवाल्यांसाठी.
तुझ्या टायरला खाचा आहेत, खाचांत पाणी राहतं
आणि तेच तू रेषेपर्यंत घेऊन जातेस.
हात न पुसता पंगतीतून उठल्यासारखं
(ही उपमा माझी, त्याची नव्हे).

म्हणून डबक्याला वळसा घालून आले.
पॉडिंग्टनची जुनी धावपट्टी, सप्टेंबरातला शनिवार,
कुंपणापलीकडे कापलेल्या गव्हाची खुंटं,
आणि माझी बँडिट, बाराशे सीसी,
आरशांवर चिकटपट्टी, मागे नंबरप्लेट,
सोमवारी हिच्यावरच कामाला जायचंय.

सकाळपासून तीनदा गेले होते.
एकदा क्लच झटकन सोडला, इंजिन गुदमरलं.
एकदा भीतीने धरूनच ठेवला, करपल्याचा वास
हेल्मेटच्या आत येऊन बसला.
तिसऱ्यांदा पुढचं चाक उठलं, आभाळ हँडलवर आलं
आणि मी थ्रॉटल मिटला, पोर डोळे मिटतं तसा.
शेजारच्या लेनमधून एक व्हॅन पुढे गेली.
व्हॅन! तिच्या दारावर केकचं चित्र होतं.

क्लाइव्ह टेबट, वय एकाहत्तर.
रश्डनच्या बुटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं चामडं कापलं.
म्हणाला, क्लच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे.
कातडं एका अंगाने ताणतं, दुसऱ्या अंगाने नाही,
ते डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं.
मग म्हणाला, तू काय करतेस म्हणालीस?

रक्त काढते. केटरिंगच्या हॉस्पिटलात,
दिवसाला पन्नास-साठ दंड.

मग मला कशाला विचारतेस?

खरंच की.
ठसठशीत दिसणारी शीर सुई बघून सरकते.
कामाची असते ती न दिसणारी:
बोट ठेवायचं, दाबायचं नाही, थांबायचं,
खालून काहीतरी हलकंसं उसळतं. तिथे.

पुढे सरकले. पहिला दिवा.
आणखी वीतभर. दुसरा.
हनुवटी टाकीवर, पाय मागे सैल,
काटा साडेपाच हजारांवर,
दोन बोटं क्लचवर, सोडत सोडत तिथवर
जिथे चेन ताठ होते आणि सगळी गाडी
किंचित श्वास धरते.
सापडली.

हिरव्याची वाट बघितलीस तर उशीर झाला, असंही तो म्हणाला होता.
पिवळा, पिवळा, शेवटचा पिवळा,

आणि सोडला नाही. सोडत गेले.
संक्रांतीला गच्चीवर मांजा जाऊ द्यायचो तसा,
जातोय पण बोट कापत जातोय.
चाक उठलं वीतभर, तरंगलं.
या वेळी थ्रॉटल मिटला नाही, जरासा थोपवला फक्त,
उतू येणाऱ्या दुधावर फुंकर घालावी एवढाच.
चाक टेकलं.

उरलेले बाराशे साठ फूट मला नीट आठवत नाहीत.
वारा होता. कुणीतरी ओरडत होतं, बहुधा मीच.

खिडकीतून कागदाची पट्टी मिळाली.
क्लाइव्हने चष्मा कपाळावर चढवला,
एकूण वेळ पाहिली नाही, वेगही नाही,
वाकडी तर्जनी ठेवली साठ फुटांच्या आकड्यावर:
एक पूर्णांक ब्याऐंशी.
खालचं सगळं सुझुकीचं, तो म्हणाला.
एवढं तुझं.
आणि चहा प्यायला निघून गेला.

संध्याकाळी वेलिंगबरोच्या नाक्यावर सिग्नल लाल.
चिकटपट्टी काढलेल्या आरशात
मागच्या गाडीत एक बाई पोराला केळं सोलून देत होती.
लालच्या जोडीला पिवळा लागला
आणि दोन बोटं आपोआप शीर शोधू लागली.
हिरवा झाला.
मी इतकी हळू निघाले
की बाईने हॉर्न दिला.